पहिलंच अपील लढतोयस, म्हणून सांगतो

भाऊ, निकालपत्र नंतर वाच, आधी पंचनाम्यांवर बस. स्टेशन डायरीतली वेळ, पंचांच्या सह्या, मुद्देमाल रजिस्टर, प्रयोगशाळेत पाकीट पोचल्याची तारीख, हे सगळं एका कागदावर शेजारी शेजारी मांड. चोपड्याकडच्या एका केसमध्ये आरोपीने केळीच्या बागेतून कोयता 'काढून दिला' संध्याकाळी सहाला, आणि त्याच पंचाची सही सहालाच दुसऱ्या गावच्या पंचनाम्यावर! मला ते चौथ्या वाचनात दिसलं. तोवर पोरगा सात वर्षं आत होता. खालच्या कोर्टात पंचाला कुणी हे विचारलंच नव्हतं.

पोलिसांनी काय दाखवलं, यापेक्षा काय दडवलं ते शोध. २००३ च्या नाशिककडच्या खुनाच्या खटल्यात हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली. सोळा वर्षांचे पाच लाख! मला अजून राग येतो.

१ जुलै २०२४ नंतरची झडती असेल तर व्हिडिओ माग. कायद्याने चित्रीकरण सक्तीचं आहे.

आणि आरोपीची आई औरंगाबाद खंडपीठाच्या तारखेला रात्रीच्या एसटीने येते. तारीख पुढे ढकलली, तर तिला आदल्या दिवशीच फोन कर.