'कीअनलस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: स्कॉटलंडच्या गॅलिक भाषेतल्या गाण्यांच्या एका कार्यक्रमात निवेदिका सारखं 'कीअनलस' (दूर राहिलेल्या गावासाठी जीव कासावीस होणं) म्हणत होती. त्याला 'स्मरणरंजन' चालेल का?

मला विचाराल तर नाही. स्मरणरंजनात 'रंजन' आहे; जुने दिवस आठवून माणूस थोडा सुखावतो. कीअनलसमध्ये नुसता आवंढा. (तिथले लोक आपल्या भाषेला 'गॅलिक' म्हणतात, 'गेलिक' म्हटलं की त्यांना आयर्लंड आठवतं.)

'कीअन' म्हणजे लांबचं, अंतरानं आणि काळानंही. त्यावरून उदास या अर्थाचं विशेषण आणि मग भाववाचक 'कीअनलस'. आपल्याकडे 'दूर'चा 'दुरावा' झाला तसंच. पण दुरावा माणसामाणसांत येतो, कीअनलस लागतं ते गावाचं.

गाण्यांत ते इतकं का, तर माणसंच फार गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं उठवली, घरंच्या घरं देशोधडीला लागली. काही आपणहूनही गेले. स्कॉटलंडच्या टायरी बेटावरचा कवी जॉन मॅक्लीन १८१९ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात गेला. टायरीवर झाड औषधालाही सापडायचं नाही, जिकडे बघावं तिकडे समुद्र. आणि इथे किर्र जंगल! त्या जंगलावर त्यानं गाणं रचलं. परदेशाची स्वप्नं विकणाऱ्या दलालांच्या थापाही त्यात आहेत. पुढे १९२३मध्ये लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून 'मेटागामा' जहाजानं सुमारे ३०० जण कॅनडाला निघाले, बहुतेक विशीतले.

गेलेल्यांनी गाणी मात्र सोबत नेली. ओलं लोकरी कापड मेजावर आपटून दाट करताना बेटांवरच्या बायका गात. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं, आपटण्याच्या तालावर. नोव्हा स्कॉशियातल्या केप ब्रेटनला या मेजाभोवती पुरुषही बसू लागले. गिरणीचं कापड आल्यावर कामाची गरज उरली नाही, तरी मेज आणि गाणी राहिली. जातं गेलं तरी ओव्या राहिल्या, तसंच काहीसं.

आता प्रतिशब्द. 'माहेरची ओढ' सगळ्यात जवळची वाटते, पण ती सासुरवाशिणीची. कीअनलस ग्लासगोत नोकरीला आलेल्या बेटावरच्या बाप्यालाही लागतं. 'घरओढ' अर्थानं बरोबर, पण बोलण्यात कोण वापरतं?

मी शब्दाऐवजी वाक्याकडे बघेन. गॅलिकमध्ये शब्दशः 'माझ्यावर कीअनलस आहे' असं म्हणतात. भूक, तहान, सर्दीसुद्धा तिथे माणसा'वर'च असते. मराठीत भूक लागते, तहान लागते, हुरहूर लागते, ओढही लागते. तेव्हा निवेदिकेच्या वाक्याचं मराठी मी सरळ 'गावाची ओढ लागलीय' असं करेन.