पनवेल-उरण-पेण पट्ट्यात ३५ लाख कशात घालावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४२, नाशिकला नोकरी, हाताशी ३५ लाख. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, अटल सेतू झाला, तिसरी मुंबई येणार असं सगळे म्हणतायत. पेणकडे एक एजंट पाच गुंठे दाखवतोय. जमीन घ्यावी की धंदा टाकावा, आणि टाकला तर कुठला?

धंदा टाका. जमीन निदान आत्ता तरी घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण यातल्या दोन्ही गोष्टी मी करून बसलोय.

मी उरण तालुक्यातला. आमची भातशेती संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात माझे वडील होते. गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. त्यामुळे जमिनीचे कागद हा विषय आमच्या घरात जेवताना निघतो. असं असूनही मी फसलो, म्हणून तुम्हाला आवर्जून लिहितोय.

२०१३ मध्ये विमानतळाभोवतालची गावं 'नैना' म्हणून जाहीर झाली आणि इकडचे भाव एका रात्रीत बदलले. पुढच्याच वर्षी चुलतभावाबरोबर मी पेण तालुक्यात सहा गुंठ्यांसाठी चार लाख टोकन दिलं. एजंट ओळखीचा. सातबारा दाखवला, मालकाचं नाव बरोबर होतं, क्षेत्र बरोबर होतं. खालचा 'इतर हक्क'चा रकाना मी वाचलाच नाही. तिथे कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्या हक्कदाराचं नाव होतं. व्यवहार अडला. टोकनातले निम्मे पैसे परत मिळायला तीन वर्षं लागली, बाकीचे मिळाले नाहीत.

आता तुमच्या पाच गुंठ्यांकडे येऊ. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा तुमच्या नावावर किंवा घरात कुठे सातबारा आहे का, हे आधी बघा. नसेल तर एजंट म्हणेल, "सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो." त्याला तिथेच हात जोडा. वीस-पंचवीस नावांच्या सातबाऱ्यावर तुमचे पाच गुंठे नेमके कुठले, हे कोणीच दाखवू शकत नाही. दगड रोवून, तारेचं कुंपण घालून आणि आंब्याची दोन कलमं लावून जे दाखवतात त्याला मोजणी म्हणत नाहीत. मोजणी भूमी अभिलेखची असते. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी उठली, असंही तो सांगेल. सवलती आल्या आहेत हे खरं, पण त्या शेतीखेरीज वापरासाठी ठेवलेल्या क्षेत्रांपुरत्या आहेत. हरित पट्ट्यातल्या खाचराला त्या लागू नाहीत. म्हणून झोन दाखला मागा, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा (वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), आणि मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढून वकिलाकडून वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. नैनाच्या टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, मूळ जमिनीच्या ४० टक्के इतका अंतिम भूखंड मिळतो आणि तो तुम्ही बघितलेल्या जागीच मिळेल असं नाही. दहा गुंठ्यांचा भाव मोजताना चार गुंठ्यांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. तिसरी मुंबई म्हणतात त्या नव्या शहरासाठी उरण, पनवेल आणि पेणमधली १२४ गावं आहेत, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, आणि २०२४ पासून तिथे एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे. एवढं मोठं शहर कागदावरून जमिनीवर उतरायला किती वर्षं लागतात हे आम्ही सिडकोच्या वेळी बघितलंय. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. वयाच्या ४२ व्या वर्षी तुम्हाला ते वाट बघणं परवडतं का, हा विचार करा.

आता धंद्याचं बोलतो, कारण माझा जीव तिथे आहे.

सगळे विमानतळाकडे बघतायत. २५ डिसेंबर २०२५ ला पहिली विमानं उडाली, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, सगळं चांगलंच आहे. पण या भागाचं पोट १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर भरतंय. २०२४-२५ मध्ये तिथून वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनर हलले. गव्हाण फाटा, जासई, चिर्ले, पळस्पे, कळंबोली, तळोजा अशा सगळ्या पट्ट्यात यार्ड, गोदामं, ट्रेलर. आणि त्या प्रत्येक कंटेनरला दहा बारीक गोष्टी लागतात, त्या पुरवणारी माणसं मात्र कायम कमी पडतात.

मी २०१७ मध्ये लाकडी पॅलेटचा गाळा टाकला. पळस्प्याच्या अलीकडे पत्र्याची शेड भाड्याने घेतली, एक कॉम्प्रेसर, दोन नेलगन, एक गोल करवत आणि चार लाखांचं लाकूड. सगळे मिळून ११ लाख गेले. पॅलेट म्हणजे माल ज्याच्यावर रचतात ती लाकडी चौकट. ती मोडते फार. फोर्कलिफ्टचा काटा जरा तिरका गेला की कडेची फळी चिरते, मधला ठोकळा निसटतो. कंपनीच्या दृष्टीने ती रद्दी. आम्ही ती रद्दी घेतो, चिरलेली फळी उचकटतो, नवी बसवतो आणि देशात फिरणाऱ्या मालासाठी विकतो.

परदेशी जाणाऱ्या मालाचं वेगळं. तिथे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान पोचवून सलग ३० मिनिटं ठेवावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते. मग त्यावर शिक्का बसतो: गव्हाची लोंबी, 'आयएन' (भारत) आणि 'एचटी' (तापवलेलं लाकूड). हा शिक्का सरकारमान्य केंद्रच मारू शकतं. आमच्यासारखे छोटे तिथून लाकूड तापवून आणतात. शिक्का नसेल तर परदेशातल्या बंदरात माल अडतो, आणि तेव्हा निर्यातदाराला पॅलेटच्या किमतीची पर्वा राहत नाही.

हे मला एका संध्याकाळी कळलं. साडेचार वाजता एका यार्डाचा सुपरवायझर स्वतः टेम्पो घेऊन आला. म्हणाला, "पंधरा पॅलेट मोडलीत, आठला गेटचा कट-ऑफ आहे." म्हणजे त्यानंतर माल आत घेत नाहीत. माझ्याकडे शिक्क्याची तयार अठरा पडलेली होती. त्याने भाव विचारला नाही, मोजून घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाईक माझं झालं, आजही आहे. तेव्हापासून वीस-पंचवीस पॅलेट कायम तयार असतात. या पट्ट्यात अडलेल्या वेळी हजर असण्याला पैसे मिळतात, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकतो.

आणि पेण म्हणाल तर जमिनीपेक्षा तिथल्या गणपतींकडे बघा. हमरापूर, जोहे या गावांत घराघरांत कारखाना आहे. परदेशात जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गे जातात, म्हणून गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघतात. त्यांचे खोके आम्ही करतो. मूर्तीचा हात, सोंड आणि मागची प्रभावळ हे तीन नाजूक बिंदू, तिथे लाकडाचा स्पर्शसुद्धा होता कामा नये. पहिल्या वर्षी मी खोके एका मापाचे केले आणि कारखानदार आजोबांनी सगळे परत पाठवले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अंगणात बसून एकेक मूर्ती मापली. आतून फोम, बाहेरून शिक्क्याची फळी. आता फाल्गुन-चैत्रात आमच्या गाळ्यात दुसरं काम घ्यायला जागा नसते.

तुम्ही पॅलेटच करा असं नाही. रेफर म्हणजे थंड कंटेनर दुरुस्त करणारे हात कमी आहेत. यार्डाच्या आणि विमानतळाच्या रात्रपाळीला गरम डबा पोचवणारे कमी आहेत, दिवसाचे खूप आहेत. हॉटेलं वाढतायत, त्यांच्या चादरी-टॉवेल धुणारी मोठी लाँड्री चालेल, पण त्याला पाण्याची सोय आधी बघावी लागेल. नव्या इमारतीतला दुकानाचा गाळा विकत घेऊन भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो सोडा. खाली शटर बंद आणि वर फ्लॅट अंधारात अशा इमारती मी रोज बघतो.

एक धोका मात्र मोठा, तो म्हणजे उधारी. कंपन्या ६० ते ९० दिवस पैसे लांबवतात. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या आठवड्यात करा आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असताना ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्या कंपनीला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हे बिलावर दिसलं की मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सवाल्याचा फोन स्वतःहून येतो. ३५ लाखांतले १२-१५ लाखच धंद्यात घाला, तेवढेच खेळत्या भांडवलाला बाजूला ठेवा आणि उरलेले मुदत ठेवीत राहू द्या. माझे ११ लाख पहिल्या चार महिन्यांत संपले होते आणि तेव्हा ऑर्डर हातात होत्या. बायकोचे दागिने गहाण ठेवून लाकूड आणलं. ती वेळ तुमच्या घरावर येऊ नये.

कामाला माणसं घेताना गावातली दोन-तीन तरी घ्या. जमिनी गेलेली ही मुलं आहेत. कुठला रस्ता रात्री बंद असतो, कुठल्या यार्डात कोण कामाला आहे, त्यांना सगळं ठाऊक असतं, आणि नाशिकहून येणाऱ्या तुम्हाला तेच सगळ्यात जास्त लागणार आहे.

नोकरी लगेच सोडू नका. आठ दिवसांची रजा काढा, खोली पनवेलला घ्या आणि रोज पहाटे गव्हाण फाट्यावर चहाच्या टपरीशी उभे राहा. ट्रेलरवाले काय शोधतायत, कशासाठी पनवेलला परत जातायत, ते लिहून ठेवा. आणि तोवर त्या पाच गुंठ्यांचा सातबारा ऑनलाइन काढून ठेवा. 'इतर हक्क'च्या रकान्यात काय लिहिलंय ते नावं झाकून इथेच खाली लिहा, मी वाचून सांगतो.