घरात तीन भाषा, म्हणून मूल बोलत नाही का?

“मॅडम, घरात मराठी, शेजारी कोंकणी, शाळेत इंग्रजी. म्हणूनच तो बोलत नसेल का?” ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांसाठी काम करताना हा प्रश्न मी गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकत आले आहे. नाही. जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं त्यामुळे मागे पडतं असंही संशोधनात दिसलेलं नाही.

डिचोली तालुक्यातली एक आई साडेतीन वर्षांच्या बाबूला घेऊन आली. निदान झालेलं होतं. ‘घरात फक्त इंग्रजी ठेवा’ असं तिला कुणीतरी बजावलं होतं.

“मग दिवसभर काय बोलता त्याच्याशी?”

“कम. सिट. ईट.”

“आणखी?”

“आणखी मला येतच नाही ना.”

आजीलाही बंदी होती. नातवाशी बोलायला नको म्हणून ती लांब बसायची. बाबूच्या वाट्याला उरले होते फक्त हुकूम.

“सकाळी पाव घेऊन पोदेर येतो ना?”

“येतो की. भोंगा वाजला की हा फाटकाकडे धावतो.”

“तेव्हा तुम्ही काय म्हणता?”

“काही नाही. पाव घेते.”

“आता म्हणून बघा. तुमच्या भाषेत.”

“मराठीत? चालेल?”

स्वतःच्या मुलाशी बोलायला ती परवानगी मागत होती. मी मान हलवली. मग ती जी सुरू झाली! “अरे बाबू, पोदेर आला, चल, गरम पाव घेऊया, आजीला उंडो, तुला काय रे?” बाबूने वर बघितलं नाही. पण खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवणारा त्याचा हात थांबला. तो ऐकत होता. आईलाही ते दिसलं.

पन्नास-साठच्या दशकांत ऑटिझमचा दोष आईच्या थंडपणावर टाकत. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी ते खोडून काढलं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ऑटिझम असलेल्या मुलांसाठीचा त्यांचा टीच (TEACCH) कार्यक्रम राज्यभराचा झाला, प्रादेशिक केंद्रं निघाली आणि आईवडील सहउपचारक ठरले. मी त्याच वाटेची. त्या दुपारी मला लख्ख दिसलं की जुना दोष गेलेला नाही. तेव्हा आईच्या मायेवर होता, आता तिच्या भाषेवर आला आहे.

म्हणून अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी पहिल्याच तासाला सांगते: आईला भाषा बदलायला लावू नका. मूल नावाला ओ देतं का, बोट दाखवतं का, ते बघा. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका, आधी कानांची तपासणी करून घ्या. माझ्या हाताखाली शिकलेल्या सेविका आता हे सगळं न सांगता करतात, याचं मला समाधान आहे.

बाबूसाठी आम्ही पाव, पाणी, चप्पल यांचे फोटो केले. काही आठवड्यांनी भोंगा वाजल्यावर त्याने पावाचा फोटो आईच्या हातात आणून ठेवला. ‘पा’ हा उच्चार त्यानंतर बऱ्याच काळाने आला. तेच फोटो आता त्याच्या शाळेतही आहेत. बाई तिथे इंग्रजीत बोलतात, आणि आजी घरी पुन्हा त्याच्याजवळ बसते.