वाचक विचारतात: सावकाश जेवायला वेळ आणायचा कुठून?

प्रश्न: माझं जेवण सात-आठ मिनिटांत उरकतं. दुपारी लॅपटॉपसमोर, रात्री मोबाइल बघत. पोट भरलं की नाही तेच कळत नाही, तासाभराने परत काहीतरी खावंसं वाटतं, वर पोट फुगतं ते वेगळंच. सगळे म्हणतात सावकाश जेव, पण कामं कोण करणार?

उत्तर: "सावकाश जेव" हा सल्ला फुकट असतो म्हणून सगळे देतात. वेळेचं नंतर बघू, आधी पोटात काय होतं ते सांगते. अन्नाने जठर ताणलं जातं तो निरोप नसांमधून मेंदूकडे जातो, आणि अन्न पुढे आतड्यात सरकलं की तिथून जीएलपी-१ सारखी हॉर्मोन्स सुटतात, ती सांगतात की आता बास. या सगळ्याला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. तुमचं ताट आठव्या मिनिटाला रिकामं, म्हणजे निकाल लागायच्या आधीच तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं असतं. पोट फुगतं त्यातही घाईचा हात असू शकतो, भराभर गिळताना हवाही बरीच आत जाते.

पण तासाभराने भूक लागते ना, त्यात मला घाईपेक्षा तो लॅपटॉप जास्त दोषी वाटतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचा २०११ सालचा एक प्रयोग आहे, त्यात काही जणांना जेवताना कम्प्युटरवर पत्त्यांचा गेम खेळायला लावला आणि काही जण नुसते जेवले. गेमवाल्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, आपण काय काय खाल्लं ते नीट आठवेना आणि अर्ध्या तासाने समोर बिस्किटं ठेवली तर ती त्यांनी जास्त खाल्ली. म्हणजे जेवण लक्षात राहिलं नाही की ते पोटाच्याही खात्यात नीट जमा होत नाही.

म्हणून माझं म्हणणं, वेळ वाढवायच्या मागे लागूच नका. आठ मिनिटं आहेत ना, मग आठ मिनिटं फक्त जेवा. स्क्रीन बंद आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब (उलटा करून शेजारी ठेवला की आपण तो दर मिनिटाला सरळ करतोच, खोटं कशाला बोला). दिवसातलं एकच जेवण असं करा, तिन्ही वेळा जमवायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळंच सुटेल. आणि तोंडातला घास गिळल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, एवढ्यानेच वेग आपोआप उतरतो.

ताटात काय आहे त्यावरही वेग ठरतो बरं का. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात बनलेलं, पाकिटातलं) खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या कॅलरीज दोन्हीकडे सारख्याच, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अतिप्रक्रिया केलेलं ते भराभर खात होते आणि दिवसाला साधारण ५०० कॅलरीज जास्त. (हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.) मऊ, न चावता उतरणारं खाणं समोर ठेवायचं आणि मग संयम दाखवायचा, हे कठीणच. त्यापेक्षा चावावंच लागेल असं काहीतरी ताटात असू द्या.

प्रश्न: प्रत्येक घास ३२ वेळा चावायचा हे खरं का?

उत्तर: आकड्यात काही नाही हो. होरेस फ्लेचर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ (१८४९ ते १९१९) तर घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावा म्हणायचे आणि त्यांना मानणारेही भरपूर होते! चावण्याचा फायदा आहेच, लाळेतलं एन्झाइम स्टार्च फोडायला तिथेच सुरुवात करतं, पण मोजत बसलात तर लक्ष जेवणावर नाही, आकड्यांवर राहील. घासात ढेकूळ लागत नाही इतपत चावा, झालं.

प्रश्न: वडील हल्ली फार हळू जेवतात, घास अडकतो म्हणतात. हे चांगलंच ना?

उत्तर: नाही. हळू जेवणं वेगळं आणि गिळताना अडकणं वेगळं. घास अडकत असेल, जेवताना ठसका लागत असेल किंवा वजन उतरत असेल तर त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि या आठवड्यातच न्या.