वडिलोपार्जित घराचे ८० लाख आले आहेत. नोकरी सोडून इंदूरमध्ये नाश्त्याचं दुकान टाकावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रामबागेतलं जुनं घर मागच्या महिन्यात विकलं, तुमच्या वाट्याला ८० लाख आले. पिथमपूरची नोकरी सोडून विजय नगरात मिसळ-थालीपीठ-साबुदाणावड्याचं दुकान टाकायचंय, आणि मेहुणे भागीदार व्हायला तयार आहेत.

माझं मत: दुकान टाका, पण ८० लाखांचं नको, २० लाखांचं टाका. आणि एवढ्यात नको.

तुटपुंज्या भांडवलाचा माणूस आधी गिऱ्हाईक शोधतो, मग जागा. हातात मोठी रक्कम असली की क्रम उलटतो. आधी मोक्याची जागा, मग इंटिरियर, मग चार माणसं, आणि विक्री किती होते हे सगळ्यात शेवटी कळतं. तोवर भाडं आणि पगार बांधले गेलेले असतात. म्हणून पहिलं काम म्हणजे बरीचशी रक्कम स्वतःच्याच हाताबाहेर ठेवणं. तुमच्या बाबतीत आयकराचा नियमच इथे मदतीला येतो.

खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, असं समजू नका. घर २००१ च्या आधीपासूनचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्यूअरचा दाखला आत्ताच करून घ्या. समजा तुमच्या वाट्याची तेव्हाची किंमत ८ लाख. नफा ७२ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ९ लाख कर, आणि उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यामुळे सरचार्ज आणि सेस (करावर लागणारे अधिभार) वेगळे. इंडेक्सेशनसह (मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा जुना पर्यायही आहे, पण कोणतीही सवलत न घेता या आकड्यांवर तो महाग पडतो. सीएकडून दोन्ही हिशेब मांडून घ्या.

आता विक्रीच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या ५४ ईसी (भांडवली नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या) बाँडमध्ये ५० लाख घातले, तर करपात्र नफा २२ लाख उरतो. १२.५ टक्क्यांनी कर २.७५ लाख आणि सेस, बस; बाँड घेतल्यावर जुन्या पर्यायाने तो याहून कमीही येऊ शकतो. नफ्यामुळे लागणारा सरचार्जही टळतो. बाँडवर व्याज कमी मिळतं आणि तेही करपात्र, शिवाय पैसे ५ वर्षं अडकतात. ते तारण ठेवून कर्ज काढलं तर करसवलतच जाते. लोक याला तोटा म्हणतात. तुमच्यासारख्याला मी हा फायदा समजतो, कारण तिसऱ्या महिन्यात दुकान डगमगलं तरी या पैशाला हात लावता येणार नाही. (स्वतःचं घर नसेल तर त्याऐवजी २ वर्षांत घर घेऊनही सवलत मिळते. तोवर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते.) राहिलेला कर ॲडव्हान्स टॅक्सच्या पुढच्या हप्त्यातच भरा, नाहीतर व्याज लागतं.

८० मधून ५० आणि साधारण ३ गेले, हातात २७ उरले. त्यातले ७ लाख घरखर्चाचे. त्यांचा धंद्याशी संबंध नाही. कुटुंबाचा आरोग्य विमा आधी घ्या, कारण नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो. ओळखीची पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून तिथे ठेवू नका. ५ लाखांपर्यंतचं ठेव-विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. सहकारी बँकेतही मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांच्या आतच राहा.

उरलेले २० लाख दुकानाचे. त्यात किती सुरुवातीला घालायचे हे महिन्याच्या बांधील खर्चावरून ठरतं. नमुन्याचे आकडे घेऊ, तुम्ही तुमचे घाला: भाडं ६०,०००, चार माणसांचे पगार ६४,०००, वीज व किरकोळ ३६,०००, तुमचा स्वतःचा पगार ३०,०००. एकूण १,९०,०००. स्वतःचा पगार वगळून हिशेब केला तर दुकान फायद्यात दिसतं आणि घर तोट्यात चालतं. कच्चा माल, गॅस, पॅकिंग जाऊन विक्रीतले निम्मे हातात राहतात असं धरा. म्हणजे महिन्याला ३,८०,००० ची विक्री हवी. २६ दिवसांत भागल्यास रोज सुमारे १४,६००, आणि बिल सरासरी १२० चं असेल तर रोज १२२ बिलं. निम्मी विक्री ॲपवरून होऊन त्यावर २५ टक्के कमिशन गेलं, तर हाच आकडा १६० च्या वर जातो.

ही बिलं दिवसभर सारखी येत नाहीत. सकाळच्या दोन-अडीच तासांत झुंबड, मग एकदम संध्याकाळी. थालीपीठाला तव्यावर ७-८ मिनिटं लागतात. दोन तवे, प्रत्येकी दोन, म्हणजे तासाला ३० निघाली तरी खूप. समोर पोहे-जलेबीवाला अर्ध्या मिनिटात प्लेट देत असताना इंदूरचा माणूस थालीपीठासाठी ताटकळत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी मिसळ आणि खिचडी पुढे, थालीपीठ संध्याकाळी.

विक्री बसेपर्यंत ६ महिने पूर्ण तोटा धरला तर १,९०,००० गुणिले ६, म्हणजे ११ लाख ४० हजार. १२ लाख बाजूला ठेवा: २ लाखांच्या सहा एफडी, दोन-तीन बँकांत, महिन्याला फार तर एकच मोडायची. दुकान उभं करायला ८ लाखच उरतात, आणि तेवढेच हवेत. भांडी, बर्नर, फ्रीज बंद पडलेल्या कॅफेंचे घ्या. नव्या मालाच्या कोटेशनखाली ‘जीएसटी वेगळा’ असं बारीक अक्षरात असतं, आणि गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेणाऱ्या रेस्टॉरंटला तो परत मिळत नाही. भिंतीला चिकटलेल्या बहुतेक वस्तू जाताना तिथेच सोडाव्या लागतात, हे फॉल्स सीलिंगचा दर विचारण्याआधी आठवा.

पण या ८ लाखांनाही हात लावण्याआधी नोकरी सांभाळून मेळ्यांत, गणेशोत्सवात स्टॉल लावा, रविवारी घरून ऑर्डर घ्या. ओळखीचे लोक पहिल्यांदा कौतुकाने येतात, त्यांना मोजू नका. अनोळखी माणूस पूर्ण पैसे देऊन दुसऱ्यांदा किती वेळा आला, एवढंच वहीत लिहा.

मेहुण्यांबाबत: ते पैसे घालणार की वेळ देणार, हे आधी ठरवा. साध्या भागीदारी फर्ममध्ये त्यांनी केलेली उधारीही तुमच्या घरापर्यंत येते. भागीदारीच करायची तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, आणि बाहेर पडताना हिशेब कसा होईल हे करारात लिहा. तयारी नसेल तर त्यांना पगारावर ठेवा. ताईंना हे आधी तुम्हीच सांगा.

जागेचा करार ११ महिन्यांवर उरकू नका. दुकान चाललं की मालक भाडं वाढवतो. ३ ते ५ वर्षांचा, रजिस्टर केलेला करार घ्या, त्यात वाढीचा टक्का आधीच लिहिलेला असू द्या. लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार न मोडण्याची अट, फक्त मालकाला. तुम्हाला २ महिन्यांच्या नोटिशीवर निघता आलं पाहिजे. चौथी एफडी मोडावी लागली की ती नोटीस द्या, म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं आणि माणसांचे पगार उरलेल्या दोन एफडींतून भागतील.