केस मागे घ्यायचीय, असं अशील म्हणतं तेव्हा

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याकडे आलेल्या बाईंना केस मागे घ्यायचीय, तू 'बघतो' म्हणालास, आणि आता अर्जाचा मसुदा मागतोयस. मसुदा देईन, पण त्याआधी चार्जशीट उघड आणि वर पक्षकार कोण लिहिलेत ते वाच. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' असं असेल आणि पुढे आरोपीचं नाव. तुझ्या बाई साक्षीदारांच्या यादीत सापडतील, बहुधा एक नंबरला. फिर्याद त्यांची असली तरी खटला शासनाचा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला की एफआयआर मागे घेतली जाते, हा समज इतका घट्ट बसलाय की शिकलेली माणसंही स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेऊन येतात. त्या कागदाने खटला थांबत नाही.

थांबतो कशाने, ते कलमावर ठरतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359 काढ. आधीपासून चालू असलेल्या खटल्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 320. तिथे दोन तक्ते आहेत. पहिल्यातले गुन्हे, उदाहरणार्थ साधी दुखापत, ज्याला इजा झाली तो स्वतःच आपसात मिटवू शकतो. दुसऱ्यातल्या गुन्ह्यांना, म्हणजे गंभीर दुखापत, फसवून मालमत्ता काढून घेणं वगैरे, कोर्टाची परवानगी लागते. तडजोड मान्य झाली की आरोपी निर्दोष सुटतो. पुन्हा तोच खटला उभा राहत नाही, हे बाईंना नीट समजावून सांग. आणि दोन्ही तक्त्यांत नसलेलं कलम असेल, तर दोन्ही पक्ष हातात हात घालून उभे राहिले तरी त्या कोर्टाला ते मिटवता येत नाही.

मग उरतं उच्च न्यायालय. नव्या संहितेच्या कलम 528 खाली गुन्हा रद्द करून मागता येतो. 2012 च्या ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालाने त्याची चौकट आखून दिली: वैवाहिक, कौटुंबिक, पैशाच्या व्यवहारातले वाद मिटले असतील तर खटला रद्द होऊ शकतो, पण खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत पीडिताने माफ केलं म्हणून नाही. 2024 मध्ये तर पोक्सोचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, एक गुन्हा तडजोडीवरून रद्द केलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. सरकारी वकिलांनाही कलम 360 खाली खटला मागे घेता येतो, कोर्टाच्या संमतीने. नव्या संहितेत त्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलंय, आणि मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

हे सगळं पुस्तकात मिळेल. जे पुस्तकात नाही ते सांगते.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. मनगट मोडलेलं, प्लास्टर नुकतं काढलेलं. सोबत आरोपीचा भाऊ. मी त्याच्यादेखतच सगळं विचारलं आणि तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, तयार केली. बाईंनी डाव्या हाताने सही केली, कारण उजव्यात पेन धरवत नव्हतं. गंभीर दुखापतीचं कलम, त्यामुळे परवानगी हवी. न्यायाधीशांनी पुरसिस वाचली, आरोपीच्या भावाला बाहेर थांबायला सांगितलं आणि बाईंना विचारलं, "तुम्हाला स्वतःला हे हवंय का?" बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "साहेब, आता घरी परत जायला गाडीसुद्धा त्यांचीच आहे."

परवानगी मिळाली नाही. हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि माझ्या टेबलासमोर त्या पाऊण तास बसल्या होत्या. परवानगीची अट मला तोवर नुसता एक सोपस्कार वाटायची. खटला शासनाचा का असतो, तेही त्या दिवशी कळलं: मागे घेणं तिच्या हातात असतं, तर तिचा तो हात पुन्हा पिरगळला गेला असता.

म्हणून बाई पुन्हा आल्या की त्यांना एकटीला आत घे. केस का नको, ते विचार. पुष्कळदा माणूस खरंच थकलेला असतो, कोर्टाच्या तारखांसाठी कामावर खाडे करून नोकरी जायची वेळ येते, किंवा मनापासून समेट झालेला असतो. त्याचा मान राख, तडजोडपात्र कलम असेल तर निःशंक मदत कर. पण धमकी असेल तर धमकावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. साक्षीदार संरक्षणाची तरतूद आहे, 2018 पासून योजना आहे. औषधपाण्याच्या खर्चासाठी मिटवत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि एक गोष्ट त्यांच्या नातेवाइकांनी सुचवली तर तिथेच थांबव: 'साक्षीला उभी राहू दे, काही आठवत नाही म्हणेल.' न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबाब झालेला असेल आणि त्या फितूर झाल्या, तर खोट्या साक्षीचा खटला त्यांच्यावर होऊ शकतो. तडजोडपात्र नसलेल्या गुन्ह्यात गप्प राहण्यासाठी पैसे घेणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 250 खाली गुन्हा आहे. आरोपी सुटेल आणि मार खाल्लेली बाई अडकेल. असं होताना मी पाहिलंय, तुझ्या हातून होऊ देऊ नकोस.

चार्जशीटवरची कलमं मला आजच कळव. पुरसिसचा मसुदा त्यानंतर पाठवते, लागलाच तर.

तुझी,
मॅडम