सात सीटर घ्या, पण पाच जणांसाठी

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते, त्यांची पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि आईवडील असे पाच जण मे महिन्यात १४ दिवस युरोपात स्वतः गाडी चालवत फिरणार आहेत. म्युनिकला उतरायचं, तिथून इन्सब्रुक, डोलोमाइट्स, व्हेनिस, कोमो, मग गॉटहार्डमार्गे लुसर्न, लाउटरब्रुनेन आणि झुरिकवरून परत म्युनिक. विमानाची तिकिटं आणि हॉटेलं झाली. गाडी, इंधन, टोल आणि पार्किंग यासाठी अडीच लाख रुपये वेगळे ठेवलेत. भाड्याच्या गाडीचे तीन भाव त्यांनी पाठवलेत, सगळे ऑटोमॅटिकचे: मोठी प्रीमियम एसयूव्ही १,६८० युरो, कॉम्बी म्हणजे मागे लांब डिकी असलेली स्टेशन वॅगन १,०२० युरो, आणि सात सीटर १,२९० युरो. ते लिहितात, "एसयूव्हीचं मनात आहे, आयुष्यात एकदाच जाणार. वरचं पूर्ण इन्शुरन्स घेतलं तर बजेट ओलांडतं, म्हणून साधंच घ्यायचा विचार आहे. की मुलीच्या १५,००० रुपयांच्या एसआयपीचे दोन हप्ते थांबवून पूर्ण इन्शुरन्ससकट एसयूव्ही घेऊ?"

नमस्कार. आईवडिलांना घेऊन निघालात, याचा मला फार आनंद झाला. पैसे नीट बाजूला काढून निघालात, याचा त्याहून जास्त. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सात सीटर घ्या, तिची तिसरी रांग पाडून ठेवा आणि भाडेकंपनीचंच पूर्ण इन्शुरन्स घ्या. एसआयपीला हात लावायची गरज नाही.

आता हिशेब. आकडेमोड सोपी जावी म्हणून एक युरो १०० रुपये धरतो. तुमचा प्रवास साधारण १,९०० किलोमीटरचा होईल. पेट्रोल लिटरला पावणेदोन युरो, सात सीटर शंभर किलोमीटरला ७ लिटर आणि एसयूव्ही साडेआठ लिटर पिते असं धरलंय. म्हणजे सात सीटरचं इंधन २३३ युरो, एसयूव्हीचं २८३. टोल आणि पार्किंगला दोन्हीकडे ३५० युरो ठेवलेत. तुमच्या कोटेशनमध्ये पूर्ण इन्शुरन्सचा दर सात सीटरला दिवसाला १८ युरो आणि एसयूव्हीला २८ युरो आहे. चौदा दिवसांचे झाले २५२ आणि ३९२.

पूर्ण इन्शुरन्ससकट सात सीटर एकूण २,१२५ युरोंना, म्हणजे २ लाख १२ हजार ५०० रुपयांना पडते. साध्या इन्शुरन्सची एसयूव्ही २,३१३ युरोंना. पूर्ण इन्शुरन्सची एसयूव्ही २,७०५ युरोंना, म्हणजे अडीच लाखांच्या वर साडेवीस हजार. तुमचे दोन हप्ते या साडेवीस हजारांत जाणार होते.

मधला पर्याय, साध्या इन्शुरन्सची एसयूव्ही, मला सगळ्यात जास्त खटकतो. तो बजेटात बसल्यासारखा दिसतो. पण त्या करारात एक्सेस २,००० युरो आहे. एक्सेस म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम. म्हणजे खर्च २ लाख ३१ हजार आणि डोक्यावर आणखी दोन लाखांची टांगती तलवार. शिवाय साध्या इन्शुरन्समध्ये टायर, काचा, गाडीचा तळ आणि छप्पर बहुतेक वेळा धरतच नाहीत, आणि डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर नेमकं तिथेच लागतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी गार्डा सरोवराच्या काठी एका हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उतरवत होतो. उतार गोल फिरत जाणारा, दोन्ही बाजूंना काँक्रीट. उजवं मागचं दार खांबाला लागलं. मोठा आवाजसुद्धा नाही, नखाने पत्रा खरवडावा तसा. खाली उतरून पाहिलं तर हातभर लांब पोचा आणि त्यात खांबाचा पिवळा रंग. मी साधं इन्शुरन्स घेतलं होतं, वाचवले होते जेमतेम दीडशे युरो. भाडेकंपनीने एक्सेसचे ९०० युरो पूर्ण कापले, वर कागदपत्रांचा खर्च म्हणून वेगळी रक्कम लावली. त्यानंतरचे तीन दिवस मी प्रत्येक पार्किंगमध्ये घामाघूम होत होतो आणि बायको खाली उतरून हात दाखवत होती. मुलांना त्या सहलीतलं सरोवर आठवतं, मला तो खांब.

म्हणून वरचे पैसे गाडीच्या बिल्ल्यावर घालवण्यापेक्षा एक्सेस शून्यावर आणण्यावर, म्हणजे पूर्ण इन्शुरन्सवर घाला. तुमच्या बाबतीत तर सात सीटर शून्य एक्सेससकट घेऊनही साध्या इन्शुरन्सच्या एसयूव्हीपेक्षा १८८ युरो स्वस्त पडते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. बुकिंगच्या संकेतस्थळावर स्वस्तात मिळणारं "फुल प्रोटेक्शन" आणि भाडेकंपनीचं स्वतःचं शून्य एक्सेस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कंपनी तुमच्या कार्डातून पैसे कापतेच. तुम्ही नंतर बिलं, फोटो, पोलिसांचा कागद जोडून दावा करायचा आणि वाट पाहायची. काही पॉलिसींना तर युरोपातल्या रहिवासाची अट असते. तुमच्या कोटेशनमधला १८ युरोंचा दर कंपनीचा स्वतःचा आहे, तो घ्या. टायर, काचा आणि तळ त्यात धरलेत का, एवढं मात्र लेखी विचारा.

एसयूव्ही नको म्हणण्याचं दुसरं कारण कराराच्या बारीक अक्षरांत असतं. अनेक भाडेकंपन्या जर्मन बनावटीच्या महागड्या गाड्या इटलीत किंवा पूर्वेकडच्या देशांत न्यायला बंदी घालतात किंवा वेगळी परवानगी मागतात. कारण चोरीचं. तुमचा निम्मा प्रवास इटलीत आहे. काउंटरवर हे कळलं तर ऐन वेळी दुसरी गाडी, तीही त्या दिवसाच्या भावाने. गाडी कुठलीही घ्या, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांची नावं लेखी परवानगीत आहेत ना, ते पाहा.

मग सगळ्यात स्वस्त कॉम्बी का नाही? तुम्ही चौघे असता तर मी डोळे मिटून कॉम्बी घ्या म्हटलं असतं. ऑक्टाव्हिया कॉम्बीची डिकी ६४० लिटरची आहे, चार मोठ्या बॅगा आरामात बसतात. पण तुमच्या मुलीची उंची तुम्ही १३८ सेंटिमीटर लिहिलीय. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बूस्टर सीट, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक, लागते. इटलीत वय पाहत नाहीत, १५० सेंटिमीटरच पाहतात. म्हणजे मागच्या बाकावर बूस्टर, तिच्या शेजारी दोन मोठी माणसं, आणि पट्ट्याचं बक्कल बूस्टरखाली अडकलेलं. अर्ध्या तासाच्या प्रवासात चालून जाईल, कोमो ते लुसर्नला नाही. सात सीटरमध्ये मधल्या रांगेत बहुधा तीन सुट्या खुर्च्या असतात, प्रत्येकीचा पट्टा आणि बक्कल वेगळं.

आणि आईंचे गुडघे. तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केलाय, पण निर्णयात मी त्याला बरंच वजन दिलंय. कॉम्बीत खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. दिवसातून दहा वेळा चढउतार होणार आहे. सात सीटरची बैठक उंच असते, माणूस सरळ सरकून आत बसतो. हा फायदा एसयूव्हीतही आहे, हे मान्य. बुकिंग करण्याआधी आईंना एकदा कुणाच्या अर्टिगात आणि एकदा कुणाच्या सेडानमध्ये पाच-पाच वेळा बसवून उठवा. त्यांचा चेहरा पाहून तुम्हालाच कळेल.

तिसरी रांग मात्र उघडायची नाही. ती उघडली की डिकीत जेमतेम दोन पाठपिशव्या मावतात. गाडी सातांची, बसणारे पाच, उरलेली जागा बॅगांची. घरी हॉलमध्ये बॅगा एकावर एक रचून टेपने लांबी, रुंदी, उंची मोजून ठेवा. डिकीत काय मावेल याचा अंदाज कागदावरच्या लिटरपेक्षा यातून जास्त चांगला येतो.

बुकिंगवर गाडीचं नाव लिहिलेलं असतं, पुढे "किंवा तत्सम". खरा करार त्या नावाचा नसून चार अक्षरांच्या कोडचा असतो. पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं प्रकाराचं: डब्ल्यू म्हणजे वॅगन, व्ही म्हणजे जास्त सीटची गाडी, एफ म्हणजे एसयूव्ही. तिसरं अक्षर गिअरचं. तिथे ए असेल तर ऑटोमॅटिक, एम असेल तर हाताचे गिअर. आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे स्टीअरिंग आणि उजव्या बाजूने गाडी चालवायची, त्यात उजव्या हाताने गिअर, हा भार स्वतःवर घेऊ नका. तिथे ऑटोमॅटिक सात सीटर मोजक्याच असतात, म्हणून विनामूल्य रद्द करता येणारं बुकिंग आत्ताच करून ठेवा. पुढे भाव उतरला तर बदलता येईल. पत्नीही चालवणार असतील तर त्यांचं नाव करारात हवंच. नाव नसताना त्यांच्या हातून काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतं. दोघांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा.

कार्डाचं बघा. डिपॉझिट मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तुमच्या कार्डाचं लिमिट दोन लाख आहे आणि हॉटेलंही त्यावरच आहेत, तेव्हा ते आधी वाढवून घ्या आणि ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करा. परकीय व्यवहारावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची वरची फी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर लाखाला ४,१३० रुपये जातात. मार्कअप नसलेलं कार्ड मिळत असेल तर ते याच सहलीसाठी काढणं फायद्याचं आहे. मशिनवर "रुपयांत भरायचं की युरोत?" असं विचारलं तर युरो. रुपये निवडलेत तर विनिमयाचा दर मशिनवाला ठरवतो.

टोलचं थोडक्यात. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक व्हिन्येट, म्हणजे महामार्गाचा आगाऊ घ्यायचा पास, घ्यावंच लागतं, कमी दिवसांचं मिळत नाही. गॉटहार्डचा १६.९ किलोमीटरचा बोगदा त्यातच येतो. मेमध्ये वरचा घाट बर्फामुळे बहुधा बंद असतो, त्यामुळे बोगद्यानेच जाल. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं व्हिन्येट जाताना सीमेजवळच्या पेट्रोल पंपावर घ्या. ब्रेनर महामार्गाचा टोल त्याशिवाय वेगळा. येताना ब्रेगेन्झवरून याल, तिथे होहेनेम्सपासून जर्मन सीमेपर्यंतचा महामार्ग व्हिन्येटमधून वगळलेला आहे, म्हणून दुसरं घ्यावं लागणार नाही.

दोन चुका अशा आहेत की शून्य एक्सेसही वाचवत नाही. पहिली, चुकीचं इंधन. इटलीत डिझेलला "गासोलियो" म्हणतात, आणि ते गॅसोलिनसारखं ऐकू आल्यामुळे भलेभले पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरायला जातात. नावाकडे पाहू नका, टाकीच्या झाकणामागचं चिन्ह पाहा: पेट्रोलला गोल आणि त्यात ई५ किंवा ई१०, डिझेलला चौकोन आणि त्यात बी७. पंपाच्या नळीवरही तेच चिन्ह असतं, दोन्ही जुळवा. दुसरी चूक इटलीतल्या जुन्या शहरांची. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा आणि सोबत "झोना ट्राफिको लिमितातो" दिसलं की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, भाडेकंपनी तुमचा पत्ता देण्याचे पैसे कापते आणि दंडाचा लिफाफा काही महिन्यांनी नाशिकला येतो. हॉटेल अशा भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना नोंदवायला सांगा.

एसआयपीबद्दल खरं तेच सांगतो. दोन हप्ते, ३०,००० रुपये, थांबवल्याने मुलीचं शिक्षण अडणार नाही. वर्षाला ११ टक्के वाढ धरली तर सात वर्षांनी त्याचे साधारण ६२,००० झाले असते. आईंच्या गुडघ्यांसाठी किंवा मुलीच्या सुरक्षित बसण्यासाठी पैसे कमी पडत असते, तर मीच थांबवा म्हणालो असतो. पण तुमच्या अडीच लाखांत ते सगळं बसतंय आणि वर साडेसदतीस हजार उरताहेत. मार्कअप, दुसऱ्या चालकाची फी आणि म्युनिकच्या दुकानातली बूस्टर सीट त्यातून निघेल. बूस्टर भाड्याने घेऊ नका, चौदा दिवसांच्या भाड्यात बहुधा नवी येते.

आणि गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. पाच मिनिटं चारही बाजूंनी, चाकांच्या रिम आणि पुढच्या बंपरच्या खालच्या कडेसकट मोबाइलवर व्हिडिओ काढा. परत देतानाही तसाच काढा, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा दिसेल असा.